बिली प्रायरची डायरी कुणालाही सापडलेली नाही

शनिवारी रात्री साडेदहाला चुलतभावाचा मेसेज आला. "ताई, आत्याने टाकलेलं ते ससूनचं खरं आहे का?" तोवर मी ते वाचलंही नव्हतं. घरच्या ग्रुपवर दिवसाला चाळीस गोष्टी येतात, त्यातल्या अडतीस मी उघडत नाही. पण हा मुलगा दोन वर्षं मानसोपचारतज्ज्ञांकडे जातो, नेमाने गोळ्या घेतो, आणि आजवर त्याने मला असलं काही विचारलेलं नाही. म्हणून उघडलं.

मजकूर असा, थोडक्यात. सीगफ्रीड ससून हा इंग्रजी युद्धकवी म्हणजे पुण्याच्या ससून हॉस्पिटलवाल्या ससूनसाहेबांचा नातू, जन्म मुंबईचा. पहिल्या महायुद्धात त्याने सरकारविरुद्ध पत्रक काढलं आणि आपला व्हिक्टोरिया क्रॉस नदीत फेकला. सरकारने त्याला वेडा ठरवून इस्पितळात डांबलं आणि विजेचे झटके देऊन देऊन त्याची कविता संपवली. विल्फ्रेड ओवेन या दुसऱ्या युद्धकवीच्या नावावर खपणाऱ्या कविता खरं तर ससूनच्याच. हे सगळं ऐंशी वर्षं दडवलं गेलं, पण पॅट बार्कर या ब्रिटिश लेखिकेला बिली प्रायर नावाच्या तिथल्याच एका रुग्णाची गुप्त डायरी मिळाली आणि तिने ते 'रिजनरेशन'मध्ये उघड केलं. शेवटी जाड ठशात: मानसोपचार हे सत्तेचं हत्यार आहे, गोळ्या फेका, जागे व्हा. खाली तीन हात जोडलेले.

आणि त्याखाली आमच्या काकांचं: "म्हणूनच मी म्हणतो."

आत्यावर माझा राग नाही. ती ससूनमध्ये एकतीस वर्षं सिस्टर होती. ते नाव दिसलं की तिचा ऊर भरून येतो आणि बोट आपोआप फॉरवर्डवर जातं. शेवटचा परिच्छेद तिने वाचलाच नव्हता, हे तिनेच मला सांगितलं. काकांनी मात्र बरोबर तेवढाच वाचला. मी चोवीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, ओवेन दरवर्षी शिकवला, आणि 'रिजनरेशन' या कादंबरीची (हो, ती कादंबरी आहे) फुटपाथवरून घेतलेली प्रत माझ्याकडे आहे. म्हणून हे लिहायला बसले. क्रमाने जायला हवं, पण मी झटक्यांपासून सुरुवात करते, कारण माझ्या भावाने ती एक ओळ वाचली आणि त्या रात्री गोळी घेऊ की नको असा विचार करत बसला.

ससूनला विजेचे झटके दिले गेले नाहीत. एकही नाही. जुलै १९१७ मध्ये त्याला एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्टला पाठवलं. पूर्वी ते पाण्याने उपचार करणारं आरोग्यधाम होतं, युद्धात ते अधिकाऱ्यांचं इस्पितळ झालं. तिथे त्याचे डॉक्टर होते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. हे मूळचे मानसशास्त्राचे आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासक. निलगिरीत तोडा लोकांमध्ये राहून त्यांनी १९०६ मध्ये त्यांच्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला होता. म्हणजे हिंदुस्थानशी नातं जोडायची एवढी हौस असेल तर तो धागा डॉक्टरांकडे होता, फॉरवर्डवाल्याला तो दिसला नाही. रिव्हर्स यांचा उपचार काय होता? बोलणं. आठवड्यातून तीन संध्याकाळी ससून त्यांच्या खोलीत जाऊन बसायचा आणि दोघं गप्पा मारायचे. आपल्याला शेल-शॉक, म्हणजे युद्धाच्या धक्क्याने होणारा मानसिक आजार, झालाय का, असं ससूनने विचारलं तेव्हा रिव्हर्स म्हणाले, अजिबात नाही. मग काय झालंय? तर 'युद्धविरोधी गंड' झालेला दिसतो. हा विनोद खुद्द ससूनने लिहून ठेवला आहे. बाकी वेळ तो गोल्फ खेळायचा. एकदा वैद्यकीय मंडळाने फार वेळ ताटकळत ठेवलं म्हणून हा पठ्ठ्या सरळ उठून चहाला निघून गेला. डांबलेल्या माणसाला हे जमत नाही.

आणि कविता संपवली म्हणे! १९१८ मध्ये आलेल्या 'काउंटर-अटॅक' या त्याच्या सगळ्यात धारदार संग्रहातल्या कितीतरी कविता याच इस्पितळात लिहिलेल्या आहेत.

मग झटके आले कुठून? आले कादंबरीतूनच, पण दुसऱ्या माणसाचे, दुसऱ्या डॉक्टरचे, दुसऱ्या गावातले. 'रिजनरेशन'च्या शेवटाकडे रिव्हर्स लंडनला क्वीन स्क्वेअरच्या इस्पितळात जातात आणि तिथे डॉ. लुइस येलंड यांचा उपचार पाहतात. कॅलन नावाचा एक साधा शिपाई, वाचा गेलेली. त्याला खुर्चीत बसवून, दार लावून, घशाच्या मागच्या भागाला विजेचा प्रवाह देतात आणि बोलल्याशिवाय इथून सुटका नाही म्हणून सांगतात. तो प्रसंग वाचवत नाही. मी वर्गात कधीच मोठ्याने वाचला नाही. येलंड हे खरे डॉक्टर, आणि असा उपचार त्यांनी केला हेही खरं, कारण १९१८ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी तो स्वतःच अभिमानाने नोंदवला आहे. 'कॅलन' हे नाव लेखिकेचं, रिव्हर्स त्या खोलीत कोपऱ्यात बसून पाहताहेत हेही लेखिकेचं. फॉरवर्डवाल्याने (किंवा त्याला हे सांगणाऱ्या कुणीतरी) कॅलनला खुर्चीवरून उठवून तिथे ससूनला बसवला. ससूनचं नाव चालतं, कॅलनला कोण ओळखतो?

इथे एक गोष्ट सांगते, ती त्या मेसेजात असती तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. वाचा जाणं हे शिपायांत जास्त दिसायचं. अधिकाऱ्यांच्या वाट्याला दुःस्वप्नं आणि तोतरेपणा यायचा, असं रिव्हर्स यांचं निरीक्षण होतं. अधिकाऱ्यांना एडिनबरोच्या टेकडीवर गप्पा आणि गोल्फ, शिपायाला बंद खोलीत वीज. अन्याय झाला तो इथे झाला. पण त्यात ससून पीडित नव्हता, तो वरच्या पायरीवर होता, आणि मग मेसेजातला सगळा जोरच निघून जातो. कादंबरीत कुणावर अन्याय झाला असेल तर तो कवींवर नाही, कदाचित येलंडवर झाला असेल. २०१३ मध्ये 'ब्रेन' या वैद्यकीय नियतकालिकात क्वीन स्क्वेअरच्या जुन्या नोंदी तपासून लिहिलेला लेख आला होता. येलंडला नुसता खलनायक म्हणून पाहणं एकांगी आहे, अशा बाजूचा. मला तो सगळा पटला नाही, पण असा वाद घालायचा तर तो असा घालतात, नोंदी काढून.

आता काकांसाठी. येलंडचा विजेचा प्रवाह आणि आज ज्याला आपण 'शॉक' म्हणतो ती ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा प्रवाह देण्याचा उपचार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईसीटी पहिल्यांदा केली गेली १९३८ मध्ये, रोममध्ये. १९१७ मध्ये ती जगात कुठेच नव्हती, त्यामुळे ससूनला ती देण्याचा प्रश्नच येत नाही. आणि आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी करायला बंदी आहे. माझा भाऊ ईसीटी घेतही नाही. तो सकाळ-रात्र एकेक गोळी घेतो आणि त्याने आता पुन्हा गाडी चालवायला सुरुवात केली आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या एका शिपायाच्या घशाचा आणि त्या गोळीचा संबंध कुणीतरी मला समजावून सांगावा.

एक गोष्ट मात्र मला नाइलाजाने मान्य करावी लागते. सरकारने ससूनला आजारी ठरवणं ही सोय होती. लष्करी न्यायालयात उभा केला असता तर पदक मिळवलेला अधिकारी युद्धाविरुद्ध बोलतो आहे हे रोज पेपरात आलं असतं. त्याचं पत्रक ३० जुलै १९१७ ला पार्लमेंटमध्ये वाचून दाखवलं गेलं, दुसऱ्या दिवशी 'टाइम्स'मध्ये छापूनही आलं, पण तोवर तो इस्पितळात पोचला होता आणि आजारी माणसाचं बोलणं कोण मनावर घेतो? हे घडवून आणण्यात सरकारइतकाच हात होता त्याच्या मित्राचा, रॉबर्ट ग्रेव्ह्ज या कवीचा. मित्राला तुरुंगातून वाचवायला ग्रेव्ह्जने मंडळापुढे साक्ष दिली, रडला, आणि ससूनला खोटंच सांगितलं की तू ऐकलं नाहीस तर तुला युद्ध संपेपर्यंत वेड्यांच्या इस्पितळात ठेवतील. म्हणजे मानसोपचाराचा राजकीय वापर झाला, हे खरं. पण गंमत बघा: ज्याला निमित्तापुरता आजारी ठरवला त्याला तपासून डॉक्टर म्हणाले, मज्जासंस्थेत काही बिघाड नाही. आणि पुढे हेच डॉक्टर या धडधाकट माणसाला पुन्हा लढायला पाठवायचं काम करत राहिले, मनाविरुद्ध. अख्खी कादंबरी या पेचावर उभी आहे. मेसेजवाल्याला हा पेच हाती लागला होता, आणि त्याने तो टाकून झटके घेतले.

आता प्रायर. बिली प्रायर कधीच जन्मला नाही. त्याची डायरी कुणाला मिळाली नाही, कारण तो नव्हताच. डायरी आहे, पण ती 'रिजनरेशन'पासून सुरू होणाऱ्या कादंबरी-त्रयीच्या तिसऱ्या भागात, 'द घोस्ट रोड'मध्ये, आणि ती पॅट बार्कर यांनी लिहिली आहे. त्या भागाला १९९५ चं बुकर मिळालं, कादंबरी म्हणून. गुप्त फायलींना बुकर देत नाहीत. ही माहितीही दडलेली नाही. 'रिजनरेशन'च्या शेवटी लेखिकेचं दोन पानांचं टिपण आहे आणि त्याचं पहिलंच वाक्य सांगतं की या पुस्तकात तथ्य आणि कल्पित इतकं एकमेकांत विणलं आहे, की ऐतिहासिक काय आणि काय नाही हे वाचकाला सांगितलेलं बरं. पुढे ती सांगतेही. ऐंशी वर्षं दडवलेलं सत्य ज्या पुस्तकात सापडलं म्हणता, त्याच पुस्तकाचं शेवटचं पान उघडायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. आपल्याकडे बखरकार तरी कुठे असं टिपण जोडायचा? आणि आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतले संवाद व्यासपीठावरून पुरावा म्हणून फेकले जातात, तेव्हा हॉलमध्ये कुणी हात वर करत नाही.

हे टिपण वाचून परत कादंबरीकडे वळलं की बाईंचं कसब कळतं. पुस्तक उघडतं ते ससूनच्या खऱ्या पत्रकाने, शब्दाला शब्द. मिटतं ते रिव्हर्स यांनी त्याच्या कागदांवर केलेल्या नोंदीने: २६ नोव्हेंबर १९१७, कामावर रुजू होण्यास मोकळा. मधली तारखांची चौकट त्यांनी फारशी हलवलेली नाही. ससून कधी आला, ओवेन त्याला कधी भेटला, कोण कुणाचा रुग्ण होता (ओवेन रिव्हर्सचा नव्हता, डॉ. ब्रॉकचा होता) हे सगळं जागच्या जागी आहे. बोलणं लेखिकेचं, चालणं इतिहासाचं. ओवेन तर जवळजवळ नेहमी ससूनच्याच नजरेतून दिसतो. त्याच्या डोक्यात शिरायचा मोह त्यांनी टाळला आहे. आणि जिथे मोकळेपणा हवा होता, शिवीगाळ, वासना, वर्गाची चीड, डॉक्टरला उलट प्रश्न विचारणं, ते सगळं त्यांनी प्रायरवर सोपवलं. कामगार घरातून वर येऊन अधिकारी झालेला, त्यामुळे ना धड या मेसचा ना धड त्या बराकीचा, आणि सुरुवातीला वाचा गेलेला. अधिकाऱ्याला शिपायाचा आजार! असा माणूस त्यांना नोंदींत आयता मिळाला असता तर त्यांनी तो घडवला नसता. नोंदीतलं जे वापरायचं ते त्यांनी थोडं आड ठेवून वापरलं आहे. स्फोटाने उडून कुजलेल्या प्रेताच्या पोटात तोंड घुसलेला बर्न्स कादंबरीत येतो. बर्न्स खोटा, प्रसंग खरा: रिव्हर्स यांनी १९१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशाच एका रुग्णाबद्दल नाव न देता लिहिलं होतं.

हे ग्रुपवर थोडक्यात लिहिलं तर पुतणीचं उत्तर: "म्हणजे काय, कादंबरी आहे, सगळं खोटंच असणार." हा दुसरा टोकाचा आळस. बये, खऱ्या ससूनला पहिल्यांदा कादंबरीतलं पात्र कुणी केलं माहीत आहे? ससूननेच. १९२८ पासून त्याने तीन पुस्तकांत आपलीच कहाणी जॉर्ज शर्स्टन या नावाने सांगितली. ग्रेव्ह्जचा केला डेव्हिड क्रॉमलेक, क्रेगलॉकहार्टचं केलं स्लेटफर्ड, आणि शर्स्टनला कविता लिहूच दिली नाही. कवीने स्वतःतून कवी वजा केला. रिव्हर्सचं नाव तेवढं बदललं नाही. का बदललं नसेल, यावर मी वर्गात एक अख्खा तास घालवलेला आहे. उलट ग्रेव्ह्जने १९२९ मध्ये खरी नावं घालून आत्मचरित्र लिहिलं, तर ससून आणि त्याचा कवीमित्र एडमंड ब्लंडन इतके भडकले की त्यांनी एका प्रतीचे समास आक्षेपांनी भरून काढले. आत्मचरित्रात चुका, कादंबरीत कबुलीजबाब. आता सांग, खोटं कुठलं?

राहिलेले मुद्दे पटापट उरकते.

ओवेनच्या कविता ससूनच्या नाहीत. 'अँथम फॉर डूम्ड यूथ'च्या मसुद्यांवर ससूनचं हस्ताक्षर आहे, हे खरं. शीर्षकातला 'डेड' काढून 'डूम्ड' झाला तो त्याच्या सूचनेवरून. कादंबरीत दोघं शेजारी बसून ओळी बदलताहेत तो प्रसंग या मसुद्यांवरूनच उभा केला आहे. पण वडीलधाऱ्या कवीने चार शब्द सुचवले म्हणजे कविता त्याची होत नाही. नाहीतर माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांच्या पीएचड्या माझ्या. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला साम्ब्र-वाज कालव्यावर मारला गेला, युद्ध थांबायला आठवडा उरला असताना, आणि त्याच्या आईला तार मिळाली ती ११ तारखेला, विजयाच्या घंटा वाजत होत्या तेव्हा. १९२० मध्ये त्याच्या कविता पुस्तकरूपाने आल्या त्याला प्रस्तावना ससूनची. कविता चोरलेल्या असत्या तर चोरीला गेलेल्या माणसाने प्रस्तावना लिहिली नसती. आणि हिंदुस्थानशी नातं हवंच असेल तर हे घ्या: त्याच वर्षी ओवेनच्या आईने रवींद्रनाथांना पत्र लिहिलं, की शेवटचा निरोप घेताना मुलगा तुमच्या 'गीतांजली'तली ओळ म्हणाला होता, इथून जाताना माझा अखेरचा शब्द हाच असो.

पदक. व्हिक्टोरिया क्रॉस नव्हे, मिलिटरी क्रॉस. आणि मर्सी नदीत त्याने फेकली ती पदकाची फीत, पदक नव्हे. ते २००७ मध्ये घरच्याच माळ्यावर सापडलं.

नातू. नातू नाही, पणतू. बगदादहून मुंबईला आलेले डेव्हिड ससून हे सीगफ्रीडचे पणजोबा; पुण्याचं हॉस्पिटल, काळा घोड्याजवळची लायब्ररी हे त्यांच्याच नावाचं. ते १८६४ मध्ये पुण्यात वारले आणि त्यांची समाधी लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या ज्यू प्रार्थनास्थळाच्या, आवारात आहे. सीगफ्रीड मात्र १८८६ मध्ये इंग्लंडात केंट परगण्यात जन्मला. त्याच्या बापाने धर्माबाहेर लग्न केलं म्हणून घराण्याने त्याला तोडलं होतं. तेव्हा ससूनच्या पैशाचा आणि आपल्या ससूनचा या कवीशी तसा फारसा संबंध उरत नाही. नाव जर्मन, कारण आईला वॅग्नर या जर्मन संगीतकाराचं वेड. आत्याला हे ऐकून थोडं वाईट वाटलं. पणतू तर पणतू, म्हणाली, रक्ताचं नातं आहेच ना. आहे. एवढं मी तिला देते.

भावाला मी त्या रात्रीच फोन केला होता. हे सगळं त्याला सांगत बसले नाही, झटक्यांचं आणि १९३८ चं तेवढं सांगितलं, आणि गोळीबद्दल काही शंका असेल तर सोमवारी डॉक्टरांनाच विचार म्हटलं. त्याने गोळी घेतली. काका अजून गप्प आहेत.

आत्याने मात्र कादंबरीचं मराठी भाषांतर आहे का विचारलं. मी म्हटलं, माझी इंग्रजी प्रत पाठवते, तू सिस्टर होतीस, निम्मे शब्द तुला माझ्यापेक्षा जास्त कळतील. आणि तिन्ही भाग पाठव, म्हणाली, पण त्या प्रायरचं शेवटी काय होतं ते सांगू नकोस हं. ओवेन जिथे आणि ज्या दिवशी गेला, तिथेच आणि त्याच दिवशी त्याचाही शेवट होतो. हे मी तिला सांगितलेलं नाही. इथे मात्र लिहून बसले, आणि ती हेही वाचणार आहे.